दातांचा एक्स-रे: किरणांचा डोस कमी, चित्र मात्र स्पष्ट

दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलात आणि एक्स-रे काढायला सांगितला, की ‘या किरणांचा त्रास तर होणार नाही ना?’ ही शंका मनात येतेच. दातांच्या साध्या एक्स-रेमध्ये किरणांचे प्रमाण फारच कमी असते. तरीही अनावश्यक किरण टाळलेले बरे. मात्र डोस इतकाही कमी नको, की चित्र धूसर येईल आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागेल.

किती डोस मिळतो?

जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून आपल्याला रोजच नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला ६ ते ७ आहे. त्या तुलनेत:

• एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे: साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट
• ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे): साधारण ३ ते २५
• सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन): यंत्र आणि तपासायचा भाग यांनुसार काही दहा ते काहीशे, कधी त्याहूनही जास्त

चित्र न बिघडवता डोस कसा कमी होतो?

१. आधी तपासणी, मग एक्स-रे: तोंड तपासल्यावर नेमके काय पाहायचे ते ठरते. छोट्या एक्स-रेने भागत असेल तर सीबीसीटीची गरज नसते.

२. डिजिटल सेन्सर किंवा वेगवान फिल्म: दोन्हींना कमी किरण पुरतात. डिजिटलमध्ये एक मेख आहे. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी चित्र चांगलेच दिसते, त्यामुळे ते लक्षात येत नाही. म्हणून यंत्राची सेटिंग वेळोवेळी तपासावी लागते.

३. आयताकृती कॉलिमेटर: गोल नळीऐवजी सेन्सरच्या आकाराचा झोत वापरला तर डोस निम्म्याहून अधिक घटतो. विखुरलेले किरण कमी झाल्याने चित्रही जास्त स्पष्ट येते.

४. सेन्सर धरणारा होल्डर: बोटाने धरलेली फिल्म हलते, दाताचे टोक कापले जाते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

५. ताजे रसायन: फिल्म धुण्याचे रसायन जुने झाले की चित्र फिकट येते. अशा वेळी रसायन बदलावे, डोस वाढवू नये.

६. सीबीसीटीत लहान क्षेत्र: एका दाढेसाठी संपूर्ण जबड्याचे स्कॅन करू नये.

मुले आणि गरोदर स्त्रिया

मुलांचे शरीर किरणांना अधिक संवेदनशील असते, म्हणून त्यांच्यासाठी डोसची सेटिंग कमी ठेवतात. गरोदरपणाची कल्पना डॉक्टरांना जरूर द्या. गरज असेल तर दाताचा एक्स-रे त्या काळातही काढता येतो, कारण झोत पोटापासून दूर असतो. शिशाचा ॲप्रन दिला तर घाला. ओपीजीच्या वेळी मात्र गळ्याचा पट्टा चित्रात आडवा येऊ शकतो, म्हणून तो काढायला सांगतात.

तुम्ही काय करावे?

ईटसारख्या गावातून उपचारासाठी भूम, बार्शी किंवा धाराशिव गाठावे लागते. डॉक्टर बदलले आणि जुना एक्स-रे जवळ नसला, की तोच एक्स-रे पुन्हा काढला जातो. म्हणून:

• जुने एक्स-रे तारखेसह जपून ठेवा आणि दरवेळी सोबत न्या.
• डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो निदानाला अनेकदा पुरत नाही.
• ‘या एक्स-रेमुळे उपचारात काय ठरणार आहे?’ असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.
• यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे (एईआरबी) नोंदणी आहे का, हेही विचारता येते. दंत एक्स-रे यंत्रांना ती बंधनकारक आहे.
• एक्स-रे काढताना अजिबात हलू नका.

हे टाळू नका

गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी किरणांच्या भीतीने एक्स-रे नाकारणे धोक्याचे ठरते. दाताच्या मुळाशी साचलेला पू वेळीच ओळखला नाही, तर संसर्ग मानेपर्यंत पसरू शकतो.