रायगडावरील दोन अभिषेक

रायगडावर शिवछत्रपतींस एकाच वर्षीं दोन वेळां अभिषेक झाला. पहिला शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, गागाभट्टांच्या हातून वैदिक विधीनें. दुसरा त्याच शकांत आश्विन शुद्ध ५ रोजीं, २४ सप्टेंबर १६७४ ला, निश्चलपुरी गोसाव्यांच्या हातून तांत्रिक पद्धतीनें. पहिला महाड-पोलादपुराकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असतो. दुसरा अभ्यासकांपलीकडे फार थोड्यांस. अभिषिक्त पुरुष तोच, गड तोच, अंतर चार महिन्यांहून कमी. मग लोकस्मृतीनें एकाचाच स्वीकार कां करावा? बहुजन रूढ धर्ममार्गानेंच कां जातात व आडवाटेचे मार्ग कां मागें पडतात, ह्या प्रश्नाच्या परीक्षेस ह्याहून सोईचें उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं.

लोक मेंढरांसारखे चालतात, असें उत्तर सहसा मिळतें. तें आम्हांस पटत नाहीं. निदान प्रस्तुत प्रकरणीं निवड करणारा पुरुष तसा नव्हता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मे १६७४ मध्यें पाचाडास पोंचला, तेव्हां महाराज पोलादपुराच्या माथ्यावरील प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते. परत आल्यावर मुंज, समंत्रक विवाह व राज्याभिषेक असे विधि क्रमानें झाले. ज्येष्ठ वद्य ९ ला जिजाबाईसाहेब पाचाडास निवर्तल्या. पुढें आश्विनांत दुसरा अभिषेक. म्हणजे महाराजांनीं एक मार्ग धरून दुसरा टाकिला नाहीं, दोन्ही घेतले. मात्र दोहोंकडून अपेक्षिलेलें फळ निराळें होतें.

दुसऱ्या अभिषेकाची हकीकत अनिरुद्ध सरस्वतीच्या 'शिवराज्याभिषेककल्पतरु' ह्या संस्कृत ग्रंथांत आली आहे. पहिल्या विधींत देवतांची उपेक्षा झाली, म्हणून अरिष्टें ओढवलीं, असा त्याचा रोख. ग्रंथ पक्षपाती आहे, हें उघड आहे. परंतु सभासद दुसऱ्या अभिषेकाविषयीं मौन धरितो आणि ऑक्झेंडन जूनमध्येंच परतला, तेव्हां ह्या पक्षपाती साक्षीदारावांचून आपणांस गति नाहीं. पोलादपुरास ज्यांची समाधि दाखवितात त्या कवींद्र परमानंदांचें 'शिवभारत' १६६१ च्या सुमाराच्या वृत्तापाशीं खंडित होतें. तें पुढें चालतें तर किती वाद मिटते!

आतां मुख्य मुद्दा. कागद चाळणाऱ्यांस 'राज्याभिषेक शक' परिचित आहे. त्याचें वर्ष ज्येष्ठ शुद्ध १३ ला पालटतें. आश्विन शुद्ध ५ पासून कोणताही शक चालू झाला नाहीं. वैदिक अभिषेकाचें फळ त्रयस्थानें मान्य करावयाचें होतें: काशीच्या पंडितानें, इंग्रजांच्या वकिलानें, विजापूरच्या दरबारानें, वतनाचा कागद घेऊन आलेल्या कुळकर्ण्यानेंसुद्धां. तांत्रिक अभिषेकाचें फळ दीक्षितास व देवतेस ठाऊक; त्यास बाहेरची साक्ष नको, म्हणून ती मिळालीही नाहीं. आमच्या मतें रूढ धर्माचें बळ सिद्धांतांत जितकें आहे, त्याहून अधिक ह्या साक्षींत आहे. मुंज, लग्न, दत्तक, वारसा ह्यांस चारचौघांची मान्यता लागते. भय, रोग व अरिष्ट ह्यांसाठीं मनुष्य गुपचुप दुसऱ्या दारीं जातो, पण त्याची नोंद ठेवीत नाहीं.

हीच कसोटी महाडासच उलट बाजूनेंही लागली. नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथें पाणी प्याले, तेव्हां त्यांस मार बसला व तळ्याची शुद्धि करण्यांत आली. डॉ. आंबेडकरांचें घराणें शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडव्याचें, वडील कबीरपंथी. पंथानें मनास आधार दिला, पण तळ्याच्या पायरीवर पंथाची साक्ष चालली नाहीं. जो धर्म साक्ष देण्यासच नकार देतो त्यांत राहण्याचें कारण उरत नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास स्वीकारलेला मार्ग हा लहानसा नवा पंथ नव्हता. देशोदेशीं ग्रंथ, संघ व अनुयायी असलेला धर्म होता. समता व विवेक हीं कारणें त्यांनीं स्वतः सांगितलीं. तीं आम्ही गौण मानीत नाहीं. परंतु सोबत साक्षीदारही मिळाले. महाडाजवळ गांधारपाल्याच्या लेण्यांत विष्णुपालित नामक राजकुमारानें दिलेल्या लेण्याचा, चैत्यगृहाचा व पाण्याच्या पोढ्यांचा ब्राह्मी लेख आहे. म्हणजे हा धर्म ह्या खोऱ्यांत एके काळीं राजमान्य होता व पाण्याचें दान कोरून ठेवीत होता.

संग्राहकांस एक विनंति. भिक्षुकांच्या घरच्या पोथ्यांत आरंभीं संस्कारांचे प्रयोग स्वच्छ लिहिलेले असतात. शेवटच्या पानांवर, पुष्कळदां निराळ्या हातानें, विंचवाचा, दृष्टीचा अथवा बाधेचा मंत्र खरडलेला आढळतो. सूचिपत्र करितांना हीं पानें 'संकीर्ण' म्हणून वगळलीं जातात. तीं वगळूं नयेत. जमल्यास अक्षर कोणाचें हेंही टिपावें.