एक्सपी बदलू की नको?

मंडळी, १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथली जुनी पुस्तकं आजही उघडून सरळ वाचता येतात. आमच्या गिरगावच्या घरातल्या पीसीवर मात्र आजोबांच्या आठवणी पेजमेकरमध्ये आहेत, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटात. तो फाँट नसला की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

पीसीवर २००१ची विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला थांबवला. पण नव्या विंडोजवर जुना पेजमेकर चालेलच असं नाही. म्हणून ठरवलंय: आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, जोडाक्षरं तपासायची, मगच विंडोज बदलायची. तोवर एक्सपी राहील, इंटरनेटशिवाय. नातेवाईक मंडळींनो, आठवणींची कागदी प्रत कुणाकडे असेल तर जपून ठेवा, ताडून बघायला लागेल.