आर्डुइनो बोर्डची मांडणी आणि विस्तार: मुलांच्या खोलीतला ओलावा मोजताना



न्यूझीलंडमधल्या पहिल्याच हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल: सकाळी काचेवर पाण्याचे ओघळ, पडद्यामागे काळी बुरशी आणि मुलांचा न थांबणारा खोकला. दम्याचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत न्यूझीलंड बराच वर आहे. भाड्याच्या घरांसाठी २०१९ मध्ये 'हेल्दी होम्स' नियम आले. त्यांनुसार मुख्य बैठकीची खोली १८ अंश सेल्सियसपर्यंत तापवू शकेल असा हीटर घरमालकाने द्यायचा असतो. पण मुलांच्या खोलीत पहाटे तीन वाजता काय परिस्थिती असते, हे कळणार कसे? म्हणून आम्ही मुलांना हाताशी घेऊन आर्डुइनो ऊनो बोर्डवर मापक बांधला. तुम्हालाही करता यावा म्हणून ही माहिती.

ऊनो आर-३ बोर्डवर १४ डिजिटल आणि ६ अॅनालॉग पिना असतात. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी फक्त २ किलोबाइट मेमरी मिळते. (हो, किलोबाइट! आमच्या मुलांनाही ते खरे वाटेना.) आर्डुइनोचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, बोर्ड यूएसबी केबलने जोडा, मेनूतून बोर्ड आणि पोर्ट निवडा आणि उदाहरणांतला 'ब्लिंक' प्रोग्रॅम चढवा. बोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकला की अर्धी लढाई जिंकली. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. स्वस्त नकली बोर्डवर बहुधा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागू शकतो.

आता ब्रेडबोर्डवर डीएचटी२२ सेन्सर लावा. एक तार ५ व्होल्टला, एक ग्राउंडला, एक डिजिटल पिन २ ला. सुटा चार पायांचा सेन्सर असेल तर डेटा आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर हवा. दोन सेकंदांतून एकदाच वाचन घ्या, त्याहून घाई त्याला झेपत नाही. सेन्सर बोर्डला चिकटवून ठेवू नका, बोर्डच्या उबेने तापमान जास्त दिसते. खिडकी आणि हीट पंपचा झोतही टाळा.

आमच्याकडे रात्री आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जात होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की स्वयंपाकघरातला आकडा उडी मारतो हे दिसले, पण खरा गुन्हेगार होता मुलांच्या खोलीतला कपडे वाळवायचा स्टँड. तो आम्ही गॅरेजमध्ये हलवला.

पुढचा विस्तार मात्र एका वेळी एकच करा, आणि आधीचे चालते याची खात्री झाल्यावरच. आम्ही आधी दोन ओळींचा आय-टू-सी पडदा जोडला. त्याला वीज आणि ग्राउंडखेरीज ए४ आणि ए५ या दोनच पिना लागतात. पडदा उजळला पण अक्षर एकही नाही, म्हणून एक अख्खा शनिवार आम्ही प्रोग्रॅम तपासत बसलो. शेवटी कळले की मागचा कॉन्ट्रास्टचा बारीक स्क्रू फिरवायचा होता! डीएस३२३१ घड्याळही त्याच दोन तारांवर चालते, कारण प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो.

नोंदी साठवायच्या तर एसडी कार्ड. ते ३.३ व्होल्टचे असते, म्हणून व्होल्टेज जुळवणारे मॉड्यूलच घ्या. त्याची लायब्ररी २ किलोबाइटपैकी पाव हिस्सा एकटीच खाते. मग प्रोग्रॅम मध्येच विचित्र वागू लागला तर दोष तारांचा नसून मेमरीचा असू शकतो. वाय-फाय हवे असेल तर ईएसपी३२ घ्या, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचे सिग्नल त्यांना थेट देऊ नका.

आर्द्रता वाढली की पंखा सुरू व्हावा असे मुलांना वाटणारच. बोर्डची पिन साधारण २० मिलिअँपिअरच देते, त्यावर पंखा चालत नाही. १२ व्होल्टचा छोटा पंखा, त्याचा वेगळा अडॅप्टर, मधे मॉस्फेट आणि उलटा डायोड, आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र, एवढे पुरते. बाथरूमच्या छतातल्या पंख्याला मात्र हात लावू नका. इथेही भारतासारखीच २३० व्होल्टची वीज आहे. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे.