घोडा कोणाचा?

२६ जानेवारी २०२० रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर मुंबई पोलिसांचे अश्वदल संचलनात उतरले. १९३२ साली बंद झालेले हे पथक ८८ वर्षांनी पुन्हा दिसले. स्वार दिसला की आपण टाळी देतो. घोडा कोणाचा, हे मात्र विचारीत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत.

भाल्याने मेख उपटण्याचा खेळ घ्या. जमिनीत ठोकलेली, तीन-चार बोटे रुंद लाकडी मेख. भरधाव घोड्यावरून वाकून स्वाराने ती भाल्याच्या टोकावर घ्यावयाची आणि तशीच पुढे न्यावयाची. शत्रूच्या छावणीत पहाटे घुसून राहुट्यांच्या मेखा उपटीत, त्यावरून हा खेळ निघाला, अशी कथा रिसाल्यांतून सांगत आले आहेत. खेळात नाव होते ते स्वाराचे. परंतु घोडा नसेल तर भाला काय कामाचा?

मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. घोडा व हत्यार स्वतःचे तो शिलेदार. सरकारी पागेचा घोडा मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींनी भर दिला पागेवर. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्यांच्यासाठी एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. म्हणजे घोड्याबरोबर त्याच्या पाण्याची व नालाची जबाबदारीही राज्याची. शिलेदाराचा घोडा मेला तर मात्र घरचे भांडवलच बुडाले.

इंग्रजांनी शिलेदारीच उचलली. १८१७ साली पुण्यात उभे राहिलेले पूना हॉर्स त्याच पद्धतीचे. स्वार घोडा व सरंजाम आपल्या खर्चाने आणी; सरकारला फौज स्वस्तात पडे. १९१४ च्या महायुद्धात घोडे भराभर मरू लागले, तेव्हा नवे घोडे पुरविणे या पद्धतीला झेपेना. युद्धानंतर ती मोडीत निघाली.

१९८२ च्या अखेरीस दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत मेख उपटण्याच्या खेळात रुपिंदरसिंग ब्रार यांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी, १८ जानेवारीपासून, परळ-लालबागच्या गिरण्या संपाने थंड होत्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. गिरणी कामगार हा बारगीरच. साचा मालकाचा, कसब त्याचे. पुढे कित्येक गिरण्या कायमच्या मिटल्या, जमिनींवर टोलेजंग इमारती उठल्या, आणि बोटांतले कसब बोटांतच राहिले.

आज त्याच परळात घरोघर जेवण पोहोचविणारा पोरगा शिलेदार झाला आहे. फटफटी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात झाला तर दुरुस्तीही त्याचीच. कंपनी त्याला भागीदार म्हणते. खरी मेख इथे आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : कामाचा करार हाती आला की पगाराच्या आकड्याआधी पाहा, पखालजी आणि नालबंद कोणाच्या खर्चाने ठेवले आहेत.