अंगणात आलेली शाळा

उदगीरच्या वस्त्यांमध्ये 'अंगणवाडी' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. तो एखाद्या सरकारी कचेरीत तयार झाला असावा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यामागे १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावात सुरू झालेला प्रयोग आहे. त्या वेळी बोर्डी मुंबई प्रांतात होते आणि उदगीर निजामाच्या राज्यातील बिदर जिल्ह्यात.

हा प्रयोग करणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) मुळात बालशिक्षिका नव्हत्या. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे राजकोटला स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाचे ते पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई स्वतः वकील होते. मुलाला कसे वाढवावे, या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले. दोघांनाही प्रेरणा देणाऱ्या मारिया माँटेसरी तर डॉक्टर होत्या. त्यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले.

वकील, डॉक्टर आणि प्राचार्य. तिघांनाही लहान मुलांना शिकवण्याची गोडी लागली ती मोठेपणी, आणि तिला खतपाणी मिळाले ते मुलांच्या निरीक्षणातून. मूल एकच डबी वीस वेळा का उघडते? रचलेले खडे मोडून पुन्हा का रचते? असे प्रश्न पडू लागले की कंटाळवाणे वाटणारे काम शोधाचे होते. प्रयोगशाळेत तरी याहून वेगळे काय घडते?

बोर्डीला ताराबाईंच्या सोबत अनुताई वाघ (१९१०-१९९२) आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशी त्यांच्या आयुष्याची सुरुवात. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या, तर ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिथे येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे म्हणून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. माँटेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी घेतली. लहान-मोठे ओळखणे, जुळवणे, मोजणे हे सारे त्यातूनही साधते.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तिथली मुले गुरे राखायची, म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. तिला नाव मिळाले विकासवाडी. या कामाबरोबरच अनुताई १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, बी.ए. झाल्या.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. ताराबाई त्याआधी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. नाव गेले, पण त्यामागची दृष्टी त्याच वेगाने गेली नाही. अंगणवाडी सेविकेला आजही पगार नव्हे, मानधन मिळते. नोंदवह्या आणि आहारवाटप यांत तिचा दिवस सरतो. 'लहान मुलांना शिकवायला काय लागते, माया असली की झाले', असे म्हणणारे शिक्षकांमध्येही भेटतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली आहेत. पायाचे काम करणाऱ्यांना मात्र आपण शेवटच्या रांगेत बसवतो.

माया हवीच, पण ती पुरत नाही. ताराबाई आणि अनुताई यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती: मूल काय करते ते पाहायचे आणि त्याप्रमाणे शाळा बदलायची. आपल्यालाही हे करून पाहता येईल. आठवडाभर वर्गातील एकाच मुलाकडे रोज दहा मिनिटे, मध्ये न बोलता पाहावे आणि दिसले तेवढेच वहीत लिहावे. शिकवण्याची गोडी उपदेशाने लागत नाही. ती बहुधा अशा वहीतून लागते.