‘लॉ ऑफ द जंगल’ : वैनगंगेकाठच्या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ काय?

बालाघाट : ‘इथं काय जंगलाचा कायदा चालतो का?’ असं आपण रागानं म्हणतो. इंग्रजीतल्या ‘लॉ ऑफ द जंगल’चंच हे मराठी रूप. पण ज्या गोष्टींमुळे हा वाक्प्रचार जगभर गेला, त्या आपल्याच वैनगंगेच्या काठी घडतात आणि तिथं त्याचा अर्थ जवळपास उलटा आहे.

आजचा अर्थ
नियम कुणी पाळत नाही, ज्याच्या अंगात जोर त्याचंच चालतं, अशी स्थिती. मराठीत ‘बळी तो कान पिळी’, हिंदीत ‘जिसकी लाठी उसकी भैंस’. संस्कृतात याला ‘मत्स्यन्याय’ म्हणतात; मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा दाखला कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे.

उगम
हा वाक्प्रचार रूढ झाला तो रुडयार्ड किपलिंग यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये आला. दोन्ही पुस्तकांतल्या मोगलीच्या गोष्टी सिवनीच्या डोंगररानात घडतात. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाटमधून पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. तीच नदी या गोष्टींत आहे.

मूळ अर्थ
किपलिंगच्या रानात ‘कायदा’ म्हणजे शिस्त. बालू अस्वल मोगलीला हा कायदा शिकवतो. शिकार पोटासाठी करायची, मौजेसाठी नाही. कळपात राहायचं तर कळपाचे नियम पाळायचे. दुष्काळात वैनगंगा आटून पात्रातला एक खडक उघडा पडला, की हत्ती तह जाहीर करतो. मग वाघ आणि हरिण एकाच पाण्यावर येतात. पाणवठ्यावर शिकार करणाऱ्याला मरणाची शिक्षा. कारण साधं आहे : खाण्याआधी पिणं.

‘जंगल’ शब्दही इथलाच
इंग्रजीतला ‘जंगल’ हा शब्द भारतीय भाषांतूनच गेला. मूळ संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. इंग्रजीत त्याचं घनदाट रान झालं. म्हणजे शब्द आणि वाक्प्रचार, दोघांचेही अर्थ वाटेत बदलले.

वापरताना
बोलीत आजचाच अर्थ चालेल, त्यात चूक काही नाही. पण एकच नदी दोन राज्यांत वाटून घेणाऱ्या आपण मूळ अर्थही ध्यानात ठेवावा : टंचाईत पाणी सगळ्यांचं, तोवर भांडण बंद.