काजळीतील धातू

काजळी ही आपल्याकडे पुसून टाकावयाची वस्तू. फार तर तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे धरून तिचे काजळ करावयाचे, नाही तर जुन्या लेखनिकांप्रमाणे शाई. परंतु १९९० साली जर्मनीतील क्रेचमर आणि अमेरिकेतील हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्या तापवून जमविलेली काजळी बेंझिनमध्ये घातली, तेव्हा तो रंगहीन द्रव तांबडा झाला. काजळीचा बहुतेक भाग तळाशीच राहिला. जो विरघळला त्यात मुख्यतः साठ कार्बन-अणूंचे पोकळ गोल होते. या 'सी-६०' रेणूचा शोध क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना ह्यूस्टन येथे १९८५ सालीच लागला होता. पण बाटलीत भरता येईल एवढा पदार्थ हाती आला तो या धुण्यामुळे.

गोल पोकळ आहे, तर त्यात धातूचा अणू कोंडता येईल, हे त्याच वर्षी सुचले होते. १९९१ साली स्मॉली यांच्या गटाने लँथॅनम मिसळलेल्या ग्रॅफाइटची काजळी टोल्युईनमध्ये धुतली. साठ अणूंच्या गोलातही लँथॅनम शिरला होता, परंतु तो गोल द्रावात उतरेना. उतरला तो ब्याऐंशी अणूंचा.

ही वार्ता बंगळूरला पोचावयास वेळ लागला नाही. जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक त्या वेळी सी. एन. आर. राव होते. टी. प्रदीप, जी. यू. कुलकर्णी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९९२ साली सी-६० आणि लोह यांच्या संयोगावर निबंध प्रसिद्ध केला. सी-६० चे वजन ७२०, लोहाचे ५६; बेरीज ७७६. लोह गोलाच्या आत बसो वा बाहेर चिकटो, बेरीज तीच. निबंधाच्या शीर्षकात 'जोड' या अर्थाचाच शब्द योजिला आहे. 'कोंडलेले लोह' असे म्हटलेले नाही. हा संयम दाद देण्याजोगा आहे.

धुण्याचे यंत्र मात्र जुनेच. सॉक्सलेट यांनी ते १८७९ साली दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी वर्णिले. द्रावक उकळतो, त्याची वाफ थंड होऊन कागदी नळीतल्या काजळीवर ठिबकते, आणि रंगलेला द्रव पुन्हा खाली उतरतो. असे तासन् तास चालते. टोल्युईनने रिकामे गोलच अधिक येतात. डायमिथाइल फॉर्मामाइड घेतले, तर धातू पोटात असलेले काही गोल त्यात इलेक्ट्रॉन स्वीकारून विरघळतात व रिकामे बहुतांशी मागे राहतात.

काजळीला चिकटून बसणाऱ्या साठ अणूंच्या गोलाचा प्रश्न तेवढा उरला होता. १९९८ साली डीनर व अल्फर्ड यांनी गॅडोलिनियम कोंडलेल्या अशा गोलांना विद्युत्प्रवाहाने जादा इलेक्ट्रॉन दिले, आणि ते द्रावात उतरले.